जिवाणूंची जनुकीय ओळख

पाणी, माती, खडक, दूध, फळे किंवा शिजवलेले अन्न यांच्या नमुन्यात कोणते जिवाणू आहेत, हे त्यांच्या डीएनएमधील अक्षरक्रमावरून ठरवण्याची पद्धत. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत तिचा संबंध नदीच्या पाण्यापासून विरजणापर्यंत, डाळिंबाच्या तेल्या रोगापासून कोयनेच्या भूगर्भापर्यंत अनेक गोष्टींशी येतो. म्हणून या नोंदीतली उदाहरणे याच परिसरातली घेतली आहेत.

पूर्वी जिवाणू ओळखायचा तो वाढवून. अगारच्या (पोषक जेलीच्या) बशीत वसाहत उगवू द्यायची, ग्रॅम रंजन (जिवाणूंची दोन गटांत विभागणी करणारी रंग देण्याची चाचणी) करायचे, तो कोणती साखर आंबवतो ते पाहायचे आणि तक्त्याशी ताडून नाव द्यायचे. ही रीत आजही लागतेच. पण मातीच्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली जेवढ्या पेशी दिसतात, त्यांतल्या शंभरात एकसुद्धा साध्या बशीत वाढत नाही. वाळवा-पलूसच्या काळ्या रानातल्या एक ग्रॅम मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. बशीवर दिसतात ते त्यांतले हाताच्या बोटांवर मोजण्याजोगे प्रकार. उरलेल्यांपर्यंत पोहोचायला डीएनएखेरीज दुसरी सोपी वाट नाही.

ओळखीसाठी सर्वांत जास्त वापरले जाते ते १६एस आरआरएनए जनुक. प्रथिने बनवण्यासाठी प्रत्येक जिवाणूला रायबोसोम लागतो आणि त्याच्या लहान घटकातला एक आरएनए या जनुकावरून तयार होतो. जनुकाची लांबी सुमारे १,५०० अक्षरे. त्याचे काही भाग बहुतेक सर्व जिवाणूंत जवळजवळ सारखे असतात, तर मधले नऊ भाग जातीगणिक बदलतात. सारख्या भागांवर प्रायमर (प्रती काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) चिकटवायचे आणि बदलत्या भागांवरून ओळख पटवायची, असा हा सुरेख योग आहे. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये याच आरएनएची तुलना करून आर्किया हा जीवांचा वेगळा गट दाखवून दिला.

जनुकाच्या प्रती वाढवण्याचे काम पीसीआर (पॉलिमरेज चेन रिॲक्शन) हे तंत्र करते. कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये ते मांडले. त्यातले उष्णता सोसणारे विकर थर्मस ॲक्वॅटिकस या जिवाणूपासून मिळाले. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतून मिळालेल्या या जिवाणूचे वर्णन थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केले होते. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात, म्हणजे ३० फेऱ्यांत एका प्रतीच्या हिशेबाने सुमारे १०७ कोटी. मग क्रमवाचन करून (म्हणजे डीएनएची अक्षरे ओळीने वाचून) तो क्रम जीनबँकसारख्या संग्रहाशी जुळवतात. जुळणी सुमारे ९८.७ टक्क्यांच्या खाली गेली तर जाती वेगळी असावी असे मानतात. हा तज्ज्ञांनी ठरवलेला संकेत आहे. आधी तो ९७ टक्के होता.

अहवालातले नाव म्हणजे संग्रहातल्या सर्वांत जवळच्या क्रमाचे नाव. ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत फार वेळा विसरली जाते. बॅसिलस सेरियस (शिळ्या भाताने होणाऱ्या उलट्यांना जबाबदार), बॅसिलस थुरिंजिएन्सिस (पिकांवर फवारले जाणारे जैविक कीटकनाशक) आणि काळपुळीचा बॅसिलस अँथ्रॅसिस यांची १६एस जनुके इतकी सारखी असतात की एवढ्यावरून त्यांना वेगळे करणे धोक्याचे. ई. कोलाय (आतड्यात राहणारा जिवाणू) आणि शिगेला (हगवणीचा जिवाणू) यांचीही तीच गत. अशा वेळी जायरबी, आरपीओबी यांसारखी दुसरी जनुके किंवा सरळ पूर्ण जीनोम (जिवाणूचा सगळा डीएनए) वाचावा लागतो. दोन जीनोमची सरासरी जुळणी ९५ ते ९६ टक्क्यांहून जास्त असेल तर जाती एक धरतात.

सगळ्याची मदार नमुन्यावर असते. सांगलीत कृष्णेचे पाणी घ्यायचे तर निर्जंतुक बाटलीत, हाताचा स्पर्श न होऊ देता घ्यावे. नळाचे क्लोरीनयुक्त पाणी असेल तर बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट हवे, नाहीतर क्लोरीन वाटेतही जिवाणू मारत राहते. बाटली बर्फाच्या पेटीत ठेवून शक्यतो २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावी. तिथे पाणी बारीक छिद्रांच्या गाळणपटलातून गाळून पटलावर अडकलेल्या पेशींतून डीएनए काढतात. काळ्या मातीतली ह्युमिक द्रव्ये, दुधातले कॅल्शियम आणि चरबी, हळदीतली पॉलिफेनॉल द्रव्ये पीसीआरचे विकर अडवतात. मग नमुन्यात जिवाणू असूनही चाचणी ‘नाही’ म्हणते. म्हणून डीएनए आणखी शुद्ध करणे, तो पातळ करून पाहणे आणि सोबत ज्ञात डीएनएची नळी चालवणे हे टाळता येत नाही. नमुनाच न घातलेली कोरी नळीही तितकीच गरजेची, कारण डीएनए काढण्याच्या किटमधल्या रसायनांतही जिवाणूंचा थोडाफार डीएनए असतो.

तासगावच्या द्राक्षांवर कोणते जिवाणू राहतात हे पाहायला गेले की आणखी एक अडचण समोर येते. हरितलवके ही मुळात एका प्राचीन सायनोबॅक्टेरियाची (उन्हावर अन्न बनवणाऱ्या जिवाणूची) वंशज आहेत आणि त्यांच्यात १६एस जनुक अजून टिकून आहे. त्यामुळे पाने-फळांच्या नमुन्यात वाचलेल्या क्रमांतले बरेचसे वनस्पतीचेच निघतात आणि ते गाळून टाकावे लागतात. आकड्यांबाबतही जपून बोलावे. काही जिवाणूंत या जनुकाची एकच प्रत असते, ई. कोलायमध्ये सात. तेव्हा क्रमांचे प्रमाण म्हणजे पेशींचे प्रमाण नव्हे.

अन्नाच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असतो जिवंत की मृत. ७२ अंश सेल्सियसला १५ सेकंद तापवलेल्या दुधात मेलेल्या जिवाणूंचा डीएनए शिल्लक राहतो आणि पीसीआरला तो दिसतो. साल्मोनेला हा अन्नविषबाधेचा जिवाणू तपासताना यावर जुना, भरवशाचा उपाय आहे: २५ ग्रॅम हळद किंवा बेदाणा पोषक द्रवात रात्रभर उबवायचा, म्हणजे जिवंत पेशी वाढतात, आणि मग साल्मोनेलाचे इन्व्हए जनुक शोधायचे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० सांगते की १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय आढळता कामा नये. तिथेही वाढवून पाहण्याची चाचणी बाजूला ठेवून केवळ पीसीआरवर पाणी अयोग्य ठरवणे बरोबर नाही.

घरच्या विरजणात बहुधा लॅक्टोकॉकस लॅक्टिस आणि लॅक्टोबॅसिलसच्या कुळातले जिवाणू एकत्र नांदतात. घरागणिक दह्याची चव बदलते त्यामागचे हे एक कारण. २०२० मध्ये जीनोमच्या आधारे लॅक्टोबॅसिलस ही प्रजाती (अनेक जातींचा गट) २५ प्रजातींत विभागली गेली. त्यामुळे जुन्या वहीतला ‘लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम’ आता लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटॅरम झाला आहे.

साखर कारखान्यांना ल्यूकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स चांगला ठाऊक आहे, नावाने नसला तरी बुळबुळीने. तोडलेल्या उसाची मोळी गव्हाणीत पडायला उशीर झाला की हा जिवाणू रसातल्या साखरेचे डेक्स्ट्रॅन बनवतो. रस चिकट होतो, गाळणे मंदावते, साखरेचे स्फटिक लांबट येतात. हाच जिवाणू इडलीचे पीठ फुगवतो. नावावरून त्याला चांगला-वाईट ठरवता येत नाही. तो कुठे आणि किती आहे ते पाहावे लागते.

आटपाडी, जत आणि माणच्या डाळिंब उत्पादकांसाठी या पद्धतीचे मोल सर्वांत रोकडे आहे. तेल्या रोग झॅन्थोमोनास जिवाणूच्या प्युनिसी या प्रकारामुळे होतो. रोगट झाडावर बांधलेली गुटी वरून निरोगी दिसते, जिवाणू मात्र आत असू शकतो आणि दमट हवा मिळाली की पानाफळांवर तेलकट डाग उमटतात. तोवर बाग उभी राहिलेली असते आणि पैसा गुंतलेला असतो. जायरबी जनुकावर आधारित पीसीआरने हा जिवाणू डाग दिसण्याआधी पकडता येतो. रोपे विकत घेण्याआधी मातृबागेची अशी तपासणी सहज आणि स्वस्तात व्हायला हवी. फवारण्यांवर होणारा खर्च पाहता हा आग्रह वाजवी आहे.

साताऱ्यातले सर्वांत विलक्षण नमुने मात्र जमिनीखाली खोलवरचे आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर या भागातल्या भूकंपांचा अभ्यास चालत आला. त्यासाठी कराडला पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे आणि २०१७ मध्ये कोयना परिसरात सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र पूर्ण झाले. वर दख्खनचा बेसाल्ट, खाली त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट. तिथे ऊन पोहोचत नाही, अन्न जवळपास नाही, उष्णता वाढत जाते. तरीही आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना या खडकांच्या गाभ्यांतून (छिद्र पाडताना काढलेल्या दंडगोल तुकड्यांतून) १६एस क्रम मिळाले. अशा खडकात पेशी इतक्या विरळ असतात की छिद्र पाडताना वापरलेल्या द्रवातले जिवाणूच हाती लागण्याची भीती असते. म्हणून गाभ्याचा बाहेरचा थर काढून टाकतात, आतला भाग दळतात आणि त्या द्रवाचेही क्रमवाचन करून दोन्ही याद्या ताडून पाहतात.

अशा जिवाणूंपैकी बरेचसे कधीच वाढवता आलेले नाहीत, आणि त्यामुळे नावाचा प्रश्न उरतो. नव्या जातीला रीतसर नाव द्यायचे तर तिचे जिवंत संवर्धन (प्रयोगशाळेत वाढवलेला जिवाणू) दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करावे लागते. २०२२ पासून सीककोड या नियमावलीने केवळ जीनोमच्या आधारे नाव देण्याची वेगळी वाट खुली केली आहे. जे वाढतात त्यांच्यासाठी सातारा-सांगलीकरांना पुणे जवळचे: तिथल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात जिवाणूंची जनुकीय ओळखही होते आणि त्यांचे जतनही. पाठवताना वसाहत शुद्ध हवी आणि सोबत गाव, तारीख, खोली, तापमान व नमुना कशातून घेतला याची नोंद हवी. क्रम पुढेही वाचता येईल, पण त्या दिवशीचे पाणी किंवा माती पुन्हा मिळणार नाही.