मोबाईल टॉवरसाठी जागा देताय? जवळ किल्ला, लेणी, मकबरा असेल तर आधी हे वाचा

आपल्या मराठवाड्यात टॉवरची जागा बघायची म्हणजे नुसतं रेंज कुठं येत नाही तेवढं बघून भागत नाही, कारण इथं दोन-चार गावं ओलांडली की कुठं किल्ला लागतो, कुठं लेणी, कुठं हेमाडपंती देऊळ, कुठं दर्गा नाहीतर गढी, आणि त्यातलं कुठलं कायद्यानं संरक्षित आहे हे शेजारी राहणाऱ्यालासुद्धा पक्कं माहीत नसतं. जागामालक, सोसायटीचे अध्यक्ष, छोटे व्हेंडर, सगळेच आमच्याकडं, म्हणजे टॉवरची कामं करणाऱ्यांकडं, येऊन हेच विचारायलेत, म्हणून एका जागी लिहून देतोय. आमचं कळकळीचं सांगणं एवढंच की अ‍ॅग्रीमेंटवर सही करायच्या आधी, अ‍ॅडव्हान्स घ्यायच्या आधी, स्मारकाच्या हद्दीपासून तुमच्या जागेचं अंतर काढून घ्या. बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

१०० मीटर आणि त्याच्या पुढचे २०० मीटर

केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, त्यात २०१० मध्ये मोठी दुरुस्ती झाली. त्याच्यानुसार केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून चारी बाजूंनी किमान १०० मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र, आणि तिथून पुढं आणखी किमान २०० मीटर हे विनियमित क्षेत्र, म्हणजे परवानगी घेऊनच काम करायचं क्षेत्र. पहिल्या १०० मीटरात खाजगी माणसाला नवीन बांधकाम करताच येत नाही, अर्ज करूनही नाही, ओळख काढूनही नाही. त्यामुळं "साहेब तेवढं मॅनेज करा" म्हणून कोणी आलं तर आम्ही ते काम घेत नाही, आणि कोणी करून देतो म्हणत असेल तर त्याच्याकडून लेखी मागा, देणार नाही तो.

बरं, मराठवाड्यात केंद्राकडं काय काय आहे? अजिंठा आणि वेरूळ तर १९८३ पासून जागतिक वारशात आहेत, ते सगळ्यांना माहीत आहे. पण बीबी का मकबरा, देवगिरीचा म्हणजे दौलताबादचा किल्ला, औरंगाबाद लेणी, पितळखोरा, खुलताबादची औरंगजेबाची कबर ही पण केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडं, म्हणजे एएसआयकडं आहेत. यादी इथं संपत नाही, ही फक्त पटकन आठवणारी नावं झाली. यादीत शोधताना एक ध्यानात ठेवा, जुन्या अधिसूचनांमध्ये औरंगाबाद, उस्मानाबाद हीच नावं आहेत, छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव टाकून शोधलं तर काही सापडणार नाही आणि तुम्हाला वाटेल आपलं स्मारक यादीतच नाही.

अंतर कुठून मोजायचं, इथंच घोळ होतो

लोक काय करतात, मोबाईलवर नकाशा उघडतात, मकबऱ्याच्या घुमटावर एक बोट, आपल्या प्लॉटवर दुसरं बोट, आणि म्हणतात साडेतीनशे मीटर भरतंय, झालं काम. तसं नाही. कायदा अंतर मोजतो ते संरक्षित हद्दीच्या कडेपासून, मधल्या इमारतीपासून नाही. मकबऱ्याला केवढी बाग आहे, केवढी कंपाउंड भिंत आहे बघा, ती हद्दीत धरली की तुमचे साडेतीनशे सहज तीनशेच्या आत येऊ शकतात. देवगिरीचं तर आणखी वेगळं, तिथं एकाबाहेर एक तट आहेत, सगळ्यात बाहेरच्या अंबरकोटाच्या आत तर दौलताबाद गावाची वस्तीच आहे, चांद मिनारापासून टेप लावून काही कळणार नाही. हद्द कुठली धरायची हे एएसआयच्या नकाशावरूनच ठरतं, आणि एएसआयचं मंडळ कार्यालय संभाजीनगर शहरातच आहे, तिथं लेखी अर्ज देऊन अंतर कागदावर घ्या. तोंडी "हो हो लांब आहे तुमचं" यावर जाऊ नका, चौकीदारानं सांगितलं यावर तर मुळीच नाही.

आणि मोजताना फक्त टॉवरचा पाया धरू नका. डीजी सेट म्हणजे डिझेल जनरेटर, केबिन, कंपाउंड, अर्थिंगचे खड्डे, केबलची चारी, हे सगळं त्या साईटचाच भाग असतं. पाया ३०५ मीटरवर आणि केबिन २९० वर असं झालं की फाईल अडकली.

"आमचं घर जुनंच आहे हो"

हे मकबऱ्याजवळच्या बेगमपुऱ्यातले, खुलताबादचे लोक खूप विचारतात. घर १९८५ चं, तेव्हा कसली परवानगी नव्हती, मग गच्चीवर एक पोल लावला तर काय बिघडलं? तर असंय की १६ जून १९९२ च्या आधीचं घर प्रतिबंधित क्षेत्रात असेल तर त्याची डागडुजी, नूतनीकरण करता येतं, त्याला पण परवानगी लागते, पण मिळू शकते. गच्चीवरचा टॉवर ही डागडुजी नाही. कायद्यात बांधकामाची व्याख्या अशी आहे की असलेल्या इमारतीला आडवी किंवा उभी कुठलीही भर घातली तरी ते बांधकामच, त्यामुळं घर कितीही जुनं असलं तरी त्याच्यावर उभा राहणारा पोल नवाच धरून चाला. आधीपासून उभ्या असलेल्या टॉवरची उंची वाढवायची असेल तरी तेच.

शिक्षा किरकोळ नाही. प्रतिबंधित क्षेत्रात बांधकाम केलं किंवा विनियमित क्षेत्रात परवानगीशिवाय केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि ज्या अधिकाऱ्याच्या संमतीनं किंवा कानाडोळ्यानं असं काम झालं त्याला तीन वर्षांपर्यंतची तरतूद आहे, त्यामुळं आता खालचा माणूस पण सहज सही करत नाही.

खाजगी जागेला परवानगी लागत नाही, असं कंपनीवाला म्हणाला

तो खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतोय. टेलिकॉमच्या राईट ऑफ वेच्या, म्हणजे टॉवर-केबल टाकायला जागा मिळण्याच्या नियमांत २०२२ ला बदल झाला तेव्हा खाजगी जागेवरच्या टॉवरसाठी स्थानिक संस्थेची परवानगी काढून टाकली, आधी लेखी कळवायचं आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र जोडायचं एवढंच ठेवलं. नंतर २०२३ चा दूरसंचार कायदा आला आणि त्याच्याखालचे नवीन नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. नेटवर्क लवकर पोचावं म्हणून हे सगळं सोपं केलं आणि ते चांगलंच झालं, खेड्यात अजून लोक फोन लावायला माळावर जायलेत. पण हे नियम टेलिकॉमचे आहेत. स्मारकाचा कायदा त्याच्या जागी तसाच उभा आहे, विमानतळाच्या आसपास उंचीची मंजुरी जशी वेगळी लागते तशीच ही पण वेगळी, एका खात्याची मंजुरी दुसऱ्याला चालत नाही. पितळखोऱ्याच्या बाजूला तर गौताळा अभयारण्य पण आहे, म्हणजे वनखातंही आलं.

केंद्राचं नसेल तरी सुटलो असं समजू नका. राज्याचा स्वतःचा १९६० चा कायदा आहे आणि आपल्याकडची कितीतरी स्मारकं त्याच्याखाली येतात, उदाहरणार्थ नळदुर्गचा किल्ला. तिथं सहायक संचालक, पुरातत्त्व यांच्याकडं जावं लागतं. आणि संभाजीनगर शहरात महापालिकेची हेरिटेज यादी आहे, जुने दरवाजे, जुन्या वास्तू त्यात आहेत, त्याची चौकशी नगररचना विभागात करायची.

२०० मीटरच्या पट्ट्यात असाल तर

इथं मार्ग आहे. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडं, म्हणजे या कायद्याखाली त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडं करायचा, ऑनलाइन होतो. त्यांनी १५ दिवसांत तो दिल्लीच्या राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडं पाठवायचा, प्राधिकरणानं दोन महिन्यांत आपलं मत द्यायचं, आणि ते आल्यापासून एका महिन्यात सक्षम प्राधिकाऱ्यानं हो किंवा नाही कळवायचं, असं कायद्यात आहे. म्हणजे कागद एकदम स्वच्छ असले तरी साडेतीन महिने धरा. कंपनी म्हणते पुढच्या महिन्यात साईट ऑन एअर पाहिजे, ते इथं होत नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतो.

तिथं बघतात काय, तर मुख्य म्हणजे उंची, आणि स्मारकावर होणारा परिणाम. उंची सांगताना इमारत अधिक टॉवर अधिक वरचा लाइटनिंग अरेस्टर म्हणजे विजेपासून वाचवणारा दांडा, सगळं मिळून जमिनीपासून सांगा, नुसता पोल ९ मीटरचा लिहून तिसऱ्या मजल्यावर उभा करू नका. आणि परिणाम म्हणजे काय ते समजून घ्यायचं असेल तर मकबऱ्याच्या मोठ्या दरवाजातून आत जाऊन उभे राहा. समोर घुमट, चार मिनार, आणि मागं लेण्यांचे डोंगर, मधे आकाश मोकळं. मिनाराच्या शेजारी लाल-पांढरा जाळीचा टॉवर आला तर ते चित्र कायमचं गेलं, माणूस फोटो काढेल तेव्हा पाच मिनार दिसतील. आम्ही धंदा टॉवरचाच करतो, तरी आम्हाला मनापासून वाटतं की हे चित्र जपलं पाहिजे, कारण ते बघायलाच बाहेरचे लोक येतात आणि त्यांच्यावर इथले रिक्षावाले, गाईड, हॉटेलवाले, हिमरू शाल विकणारे जगतात.

म्हणून आम्ही अशा साईटला ४० मीटरचा जमिनीवरचा टॉवर सुचवतच नाही. बऱ्याचदा ३०० मीटरच्या बाहेर असलेल्या जुन्याच टॉवरवर दुसऱ्या कंपनीचे अँटेना शेअर करून काम भागतं, किंवा उतारावरची जागा घेऊन कमी उंचीचा पोल, किंवा वस्तीत छोटे छोटे स्मॉल सेल, म्हणजे कमी पल्ल्याचे छोटे अँटेना. श्रावणात घृष्णेश्वराला आणि हनुमान जयंतीला भद्रा मारुतीला जी गर्दी होते तेवढ्या दिवसांसाठी गाडीवरचा तात्पुरता टॉवर आणता येतो, फक्त ती गाडी संरक्षित हद्दीत लावायची असेल तर एएसआयला विचारल्याशिवाय लावू नका.

पाया खोदताना

हा भाग कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर. पैठण, तेर, भोकरदन ही सातवाहन काळातली गावं, तिथं पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडात थोडं खोदलं तरी खापरं, मणी, नाणी, जुन्या विटा निघतात. टॉवरचा पाया चांगला खोल जातो, जेसीबी एका तासात दोन हजार वर्षांचा थर उकरून बाजूला टाकतो आणि ड्रायव्हरला कळत पण नाही. जागा पांढरीवर असेल तर आधी आम्हाला सांगा, शक्यतो काळ्या रानात नाहीतर मुरमाड जागेत सरकवून घेऊ, पायालाही तेच बरं असतं.

तरी काही निघालंच तर काम थांबवायचं, वस्तू जागची हलवायची नाही, फोटो काढायचा आणि कळवायचं. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. मजुरांनी नाणी वाटून घेतली आणि मग गावभर बोभाटा झाला की जागामालकच आधी पोलिसांच्या तोंडी येतो.

अ‍ॅग्रीमेंटमध्ये हे घालून घ्या

पुरातत्त्वाच्या सगळ्या परवानग्या काढायची जबाबदारी कंपनीची, परवानगी हातात आल्याशिवाय खोदकाम नाही, परवानगी नाकारली तर करार आपोआप रद्द आणि त्यात जागामालकाला भुर्दंड नाही, आणि उद्या पाडायची नोटीस आली तर पाडायचा आणि गच्ची पूर्ववत करायचा खर्च कंपनीचा. एवढी चार कलमं नसतील तर सही करू नका, मग भाडं कितीही चांगलं असो. आणि टॉवर मंजूर झालाय, एनओसीची फी भरा म्हणून फोन आला तर एक रुपया भरू नका, ट्राय ही टेलिकॉमवर देखरेख करणारी सरकारी संस्था टॉवरसाठी कुणाला एनओसी देत नाही आणि जागा घेणारी कंपनी भाडं देते, मालकाकडून आधी पैसे मागत नाही.

आमच्याकडं येताना सातबारा किंवा पीआर कार्ड, गच्ची असेल तर बांधकाम परवानगीची प्रत, जुने निजामकाळातले उर्दू कागद असतील तर तेही तसेच घेऊन या, वाचून घ्यायची सोय आम्ही करतो. जागेवर उभं राहून मोबाईलवरचं लोकेशन आणि चारही दिशांचे फोटो काढून आणा, आणि ज्या दिशेला स्मारक दिसतं तो फोटो टाळू नका, अर्जात सगळ्यात आधी तोच मागतात.