स्मार्ट मीटर आणि मागणी प्रतिसाद

ग्राहकाचा वीजवापर ठरावीक अंतराने, बहुधा दर 15 किंवा 30 मिनिटांनी, आपोआप नोंदवून वितरण कंपनीला कळवणारे उपकरण म्हणजे स्मार्ट मीटर. वीजपुरवठ्याच्या जाळ्यावरील ताणानुसार ग्राहकांनी वापर कमी-जास्त करणे किंवा पुढेमागे सरकवणे, याला मागणी प्रतिसाद म्हणतात. दोन्हींची नावे जोडीने घेतली जातात, पण मीटर केवळ मोजतो. भार, म्हणजे विजेची मागणी, हलतो तो दरांमुळे, मोबदल्यामुळे किंवा उपकरणांच्या थेट नियंत्रणामुळे. मीटर बसवून थांबलेल्या योजनांकडून मागणीत मोठा फरक पडेल, अशी अपेक्षा करणे चूक आहे.

वीज मोठ्या प्रमाणावर साठवणे महाग असते. निर्मिती आणि वापर क्षणोक्षणी जुळले नाहीत, तर जाळ्याची वारंवारता 50 हर्ट्झपासून (काही देशांत 60) ढळते. शिवाय वाहिन्या, उपकेंद्रे आणि रोहित्रे वर्षातल्या मोजक्या तासांची कमाल मागणी पेलतील अशीच उभारावी लागतात. सौरऊर्जेने हा पेच वाढवला: दुपारी वीज उतू जाते, आणि सूर्य मावळताना नेमका घरगुती वापर चढू लागतो.

ही कल्पना स्मार्ट मीटरच्या आधीची आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्स, न्यूझीलंड आदी देशांत वीजवाहिनीवरूनच वेगळ्या वारंवारतेचा संकेत सोडून घरोघरचे पाणी तापवण्याचे हीटर बंद-चालू केले जात. टाकीला उष्णतारोधक आवरण असल्याने हीटर दोन तास बंद राहिला तरी पाणी गरमच राहते आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही. संकेत मात्र एकतर्फी होता. कोणत्या घरात किती भार उतरला, हे कळत नसे. ती उणीव दुतर्फा संपर्काने भरून काढली. इटलीत 2001 पासून सुमारे 3 कोटी ग्राहकांकडे असे मीटर बसवले गेले.

संपर्कासाठी मोबाइल जाळे, रेडिओ किंवा खुद्द वीजवाहिनी वापरतात. पुरवठा खंडित होताच अनेक मीटर आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या ऊर्जेवर एक शेवटचा संदेश धाडतात, त्यामुळे बिघाड कुठे झाला ते तक्रारीची वाट न पाहता कळते. रोहित्रावरचे रीडिंग आणि त्याखालच्या सर्व मीटरांची बेरीज ताडून पाहिली, की गळती वा चोरी कोणत्या भागात आहे याचा मागही लागतो.

मागणी प्रतिसादाचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे वेळेनुसार बदलणारा दर. अतिताणाच्या मोजक्या दिवसांपुरता चढा दर, उपकरणांवर दूरनियंत्रण आणि अनेक ग्राहकांचा भार एकत्र करून बाजारात विकणारे मध्यस्थ हे पुढचे प्रकार. घाऊक बाजारात उतरवलेल्या मागणीला मोबदला देण्याचा अमेरिकी संघीय नियामकाचा नियम तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये वैध ठरवला.

खरी अडचण मोजणीतच आहे. न वापरलेली वीज कोणताही मीटर मोजत नाही. ग्राहकाने एरवी किती वापरली असती, हे मागच्या तशाच दिवसांवरून अंदाजाने ठरवावे लागते आणि या आधाररेषेवरच मोबदला अवलंबून असतो. ती फुगावी म्हणून आधी मुद्दाम जास्त वापर करणारेही असतात. दुसरा धोका उसळीचा: बंद ठेवलेली वातानुकूलन यंत्रे एकाच क्षणी सुरू झाली, तर नवेच शिखर उभे राहते. म्हणून ती टप्प्याटप्प्याने सुरू करतात.

अर्ध्या तासाच्या नोंदींवरूनही घरात कोणी आहे की नाही, याचा अंदाज बांधता येतो. याच आक्षेपावर नेदरलँड्सच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने 2009 मध्ये स्मार्ट मीटरच्या सक्तीचा प्रस्ताव अडवला; पुढे तेथे नकाराची मुभा ठेवावी लागली. दुरून पुरवठा तोडण्याची सोय परक्या हाती पडू नये, यासाठी संदेश कूटबद्ध करतात.

ज्या घरात दिवे आणि पंख्यांपलीकडे फारसे काही नाही, तिथे सरकवण्याजोगा भारच नसतो. चढ्या दराचा भुर्दंड मात्र बसतो. म्हणून काही योजना दंड न लावता केवळ बचतीवर सूट देतात. घरगुती ग्राहकांसाठी हीच पद्धत अधिक न्याय्य आहे, मात्र तिच्यात आधाररेषेचा वाद प्रत्येक बिलापर्यंत येऊन पोहोचतो.