शॅम्पेन नेमकी कुणाची? लेबलावरच्या एका नावाचा इतिहास

फ्रान्समध्ये वाइनच्या लेबलांवर सरकारची नजर का गेली, हे पाहायचं तर सुरुवात एका किडीपासून करावी लागते. १८६०च्या दशकात अमेरिकेतून आलेली फिलॉक्सेरा द्राक्षवेलींच्या मुळांना लागली आणि बघता बघता देशभर पसरली. बागा वाळल्या, पण पिणारे तेवढेच राहिले. तूट भरायला बाहेरून आणलेले बेदाणे भिजवून आंबवले जाऊ लागले. रस काढून झालेल्या चोथ्यावर साखरपाणी ओतून दुसऱ्यांदा ‘वाइन’ निघू लागली. शेवटी १८८९ साली कायद्यालाच सांगावं लागलं, की ताज्या द्राक्षांपासून आंबवलेली तीच वाइन.

पुढे अमेरिकी खुंटांवर कलमं करून बागा पुन्हा उभ्या राहिल्या. माल वाढला, साखरपाण्याचा धंदाही चालूच राहिला आणि भाव कोसळला. १ ऑगस्ट १९०५च्या कायद्याने मालाचं स्वरूप, घटक किंवा उगम यांबाबत खरेदीदाराला फसवणं हा गुन्हा ठरवला. त्याला ३ महिने ते १ वर्ष कैद आणि ५,००० फ्रँकपर्यंत दंड होता. पण गावोगावच्या तळघरांत जाऊन तपासणार कोण? १९०७ साली दक्षिणेतल्या लांगदोकमध्ये मार्सेलँ आल्बेर या वेलकऱ्याच्या मागे लाखो माणसं रस्त्यावर आली. नार्बोनमध्ये सैन्याच्या गोळीबारात माणसं मेली. त्यानंतरच, २९ जूनच्या कायद्याने, दरवर्षीच्या उत्पादनाची नोंद सरकारकडे देणं सक्तीचं झालं आणि वाइनसाठी वापरायच्या साखरेवर जादा कर बसला. त्याच वर्षी कृषी खात्यात फसवणूक रोखणारी वेगळी यंत्रणाही उभी राहिली. हे सगळं ग्राहकाच्या रक्षणासाठी झालं असं सांगितलं जातं; मला मात्र त्यामागे भाव पडून पिचलेला बागायतदारच दिसतो. नाशिक-सांगलीकडच्या बागायतदाराला ते दुखणं वेगळं समजावून सांगायला नको.

बाटलीत काय आहे, हे तपासणं त्या मानाने सोपं. ते कुठून आलं, हे ठरवणं फार कठीण, आणि शॅम्पेन प्रांतात नेमकं तेच घडलं. मार्न जिल्ह्यातल्या काही व्यापारी पेढ्या दुसऱ्या प्रांतांतून स्वस्त रस रेल्वेने आणत आणि ‘शॅम्पेन’ लिहून विकत. म्हणून १७ डिसेंबर १९०८ रोजी सरकारने शॅम्पेनची हद्द आखली. त्या रेघेबाहेर ओब जिल्हा राहिला. जुन्या शॅम्पेन परगण्याची राजधानी त्र्वा हे शहर याच ओबमध्ये! पिढ्यान्‌पिढ्या आपली द्राक्षं शॅम्पेनसाठी विकणारे ओबचे शेतकरी एका हुकुमाने परके झाले.

त्यात १९१०चा हंगाम जवळजवळ बुडाला. जानेवारी १९११मध्ये मार्नच्या शेतकऱ्यांनी बाहेरचा माल आणणाऱ्या व्यापाऱ्यांवर राग काढला. पिंपं फोडली, वाइन रस्त्यावर ओतली. फेब्रुवारीत नियम आणखी कडक झाले. शॅम्पेन वेगळ्या जागेत ठेवायची, तिचा हिशेब वेगळा ठेवायचा. माझ्या मते खरा बदल इथे झाला, कारण लेबल खरं की खोटं हे बाटलीकडे बघून कळत नाही, तळघरातल्या वहीवरून कळतं. मग ओब पेटला. त्यांच्या दबावापुढे ११ एप्रिलला सिनेटने हद्दी नकोत असं मत दिलं, तशी मार्नमध्ये आग लागली. ‘आई’ (Aÿ) नावाच्या तिथल्या गावात व्यापाऱ्यांची घरं आणि तळघरं जाळली गेली, सैन्य आणावं लागलं.

जूनमध्ये सरकारने तडजोड काढली. ओबच्या बाटलीवर ‘शॅम्पेन, दुसरा पट्टा’ असं लिहायचं. नाव मिळालं, पण दुय्यमपणाच्या शिक्क्यासकट. पुढे महायुद्ध आलं. ६ मे १९१९च्या कायद्याने उगमाच्या नावाचे वाद सरकारी हुकुमाऐवजी न्यायालयांकडे सोपवले. आणि २२ जुलै १९२७च्या कायद्याने ओबची गावं शॅम्पेनमध्ये सामावून घेतली. त्यांच्या लेबलावरून ‘दुसरा पट्टा’ हे शब्द जायला १६ वर्षं लागली.