कूर्चेच्या गाठीसाठी बोन स्कॅन: चिठ्ठी, कागदपत्रे आणि तपासणीचा दिवस

बोन स्कॅन म्हणजे किरणोत्सारी औषध शिरेतून देऊन घेतलेली हाडांची चित्रं; औषध जिथे जास्त साठतं ती जागा उजळ दिसते. कूर्चेच्या, म्हणजे हाडांच्या टोकांवर असते तशा लवचीक ऊतीच्या, गाठीसाठी हा स्कॅन करायचा तर हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि सगळ्या कागदांत वजन तिचंच. तिच्यावर नुसतं ‘बोन स्कॅन करावा’ असेल तर नेमका प्रश्न लिहून घ्या: गाठ एकाच हाडात आहे की आणखी कुठे? स्कॅनचं बळ तिथेच आहे. कॉन्ड्रोब्लास्टोमासारखी दुर्मिळ, कर्करोग नसलेली गाठ त्यात ठळक दिसते खरी, पण फ्रॅक्चर आणि जंतुसंसर्गही तसेच दिसतात. गाठीचं नाव एक्स-रे, एमआरआय आणि गरज पडल्यास बायोप्सी यांवरून ठरतं.

ऑलिए रोगासारखी अनेक हाडांत गाठी असल्याची शंका, किंवा जुनी एनकॉन्ड्रोमा (हाडाच्या आतली, कर्करोग नसलेली कूर्चेची गाठ) नव्याने दुखू लागणं, अशा वेळी स्कॅन सुचवला जातो. बोटातल्या न दुखणाऱ्या एकट्या गाठीसाठी सांगितला असेल, तर कशासाठी ते जरूर विचारा.

सोबत ओळखपत्र, औषधांची यादी आणि जुने एक्स-रे, एमआरआय न्या. नुसते रिपोर्ट नकोत, फिल्म किंवा सीडी हवी. मुलांच्या बाबतीत तर हे विसरूच नका. वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळच्या वाढीच्या पट्ट्या स्कॅनमध्ये मुळातच उजळ असतात, आणि कॉन्ड्रोब्लास्टोमा बहुतेकदा त्यांना खेटूनच होतो. जुनं चित्र शेजारी नसेल तर तो त्या उजेडात लपू शकतो. बायोप्सी, ऑपरेशन किंवा मार लागला असेल तर तारखा लिहून न्या, कारण त्या जागाही उजळतात.

संमतीपत्रावर सही लागते, अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची. गर्भवती असाल किंवा तशी शंका असेल, बाळाला अंगावर पाजत असाल, तर इंजेक्शनच्या आधीच सांगा.

उपाशी राहायची सहसा गरज नसते. शिरेतून टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सारी पदार्थ जोडलेलं औषध देतात. त्याची किरणोत्सारिता दर ६ तासांनी निम्मी होते, म्हणून दिलेली वेळ चुकवू नका. मग २ ते ४ तास थांबायचं, भरपूर पाणी प्यायचं आणि आत जाण्यापूर्वी लघवी करून यायचं. भरलेलं मूत्राशय कमरेखालची हाडं झाकतं. काही वेळा इंजेक्शन देतानाच पहिली चित्रं घेतात.

रिपोर्टबरोबर चित्रांची सीडीही मागून घ्या. पुढचा स्कॅन झालाच, तर तुलनेला तीच लागेल.