आत अडकलात तर वॉकीटॉकीवर काय बोलाल?
कारखान्यांच्या फायर स्क्वॉडसाठी माहितीपत्रक

बुटीबोरी-हिंगण्याचे कारखाने असोत की जिनिंगवाले, आमच्याकडून वॉकीटॉकी सेट घेणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला आम्ही हा कागद देतो. फायलीत लावू नका. स्क्वॉडच्या खोलीत चार्जरच्या वर चिकटवा.

आगीत अडकलेला माणूस बहुतेक वेळा उशिरा बोलतो. आधी स्वतःच वाट शोधतो, धडपडतो आणि हवा संपत आली की मग बटण दाबतो. बीए सेटची, म्हणजे पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरची, धोक्याची शिट्टी साधारण ५५ बार दाबाला वाजते. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये तेव्हा ३३० लिटर हवा उरलेली असते. घाबरलेला, धडपडणारा माणूस मिनिटाला ६० लिटर सहज ओढतो. म्हणजे हातात साडेपाच मिनिटं. तेवढ्यात बाहेरच्यांनी तयार होऊन आत यायचं आणि तुम्हाला बाहेर न्यायचं. म्हणून शिट्टीची वाट पाहू नका. वाट चुकली, दोर सुटला, काही अंगावर पडलं, की त्याच क्षणी 'मेडे' द्या, म्हणजे जीव धोक्यात असल्याची हाक. नंतर स्वतःच सुटलात तर तसं कळवा. त्यात कमीपणा काही नाही.

'मदत पाठवा' का नाही? कारण पाइप ओढायलाही आपण मदतच मागतो. 'मेडे' दुसऱ्या कशासाठीच वापरायचा नाही. तीनदा म्हणा आणि पुढे कोण, कुठे, काय झालं, हवा किती, काय हवं, एवढंच सांगा:

"मेडे, मेडे, मेडे. स्क्वॉड दोन, जवान चार. गोदाम तीन, पश्चिमेच्या शटरपासून डाव्या भिंतीने वीस पावलं आत. रुईच्या गाठी कोसळल्या, पाय अडकला. हवा ९० बार. पहार आणि दोन माणसं पाठवा."

बटण दाबल्यावर एक सेकंद थांबून बोला, नाहीतर पहिला शब्दच कापला जातो. मास्क घातलेला असेल तर माइक मास्कच्या बोलायच्या जाळीजवळ धरा. डिजिटल सेट असेल तर अंगावरचा अलार्म माइकपासून दूर ठेवा. त्या किंचाळीत शब्द ओळखू येत नाहीत. पडला असाल तर सेट अंगाखालून काढा, अँटेना उभी ठेवा.

बाहेरच्यांसाठी

आमच्या एका ग्राहकाकडे ड्रिल चालू होती. आतल्या जवानाने मेडे दिला आणि त्याच क्षणी पंपावरच्याने प्रेशर विचारलं. बाहेर फक्त प्रेशरचं ऐकू आलं. दोष सेटचा नव्हता. ॲनालॉग एफएम सेटवर दोघे एकदम बोलले की जोरदार सिग्नल दुसऱ्याला दाबून टाकतो, आणि भिंतींआडून येणारा सिग्नल आधीच अशक्त असतो. म्हणून आत माणूस असेपर्यंत बाहेरच्यांनी कमीत कमी बोलावं आणि एकाने फक्त ऐकत राहावं. त्याला दुसरं काम देऊच नका.

मेडे आला की कमांडरने तो जवानाला परत वाचून दाखवायचा आणि सांगायचं, "बाकी सगळे चॅनल दोनवर जा." अडकलेल्याला चॅनल बदलायला लावू नका. धुरात, हातमोजे घालून तो बटणं कुठे शोधेल? पाणी बंद करू नका. लगेच आतल्या सगळ्यांची मोजणी घ्या. कुणाचं बटण दाबलेलं राहून चॅनल अडू नये म्हणून आमच्या सेटमध्ये ६० सेकंदांची मर्यादा घालून देतो. ती काढून घेऊ नका.

तळघरातून रिपीटर (सिग्नल पुढे पाठवणारं यंत्र) लागत नसेल तर सेट थेट चॅनलवर (सेटवरून सरळ सेटवर) टाका आणि निरोप पुढे द्यायला एक माणूस दारात उभा करा.

सेटबद्दल

साधे सेट ६० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात जीपच्या डॅशबोर्डवर ठेवलात तर आगीत जाण्याआधीच बॅटरी बिघडेल. सॉल्व्हंट किंवा गॅस असलेल्या जागी साधा सेट मुळीच चालत नाही. पेसोची (स्फोटक आणि ज्वालाग्राही पदार्थांच्या सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) मान्यता असलेलाच सेट घ्या आणि त्याला बाजारातली दुसरी बॅटरी लावू नका. पेसोचं मुख्यालय आपल्याच शहरात आहे, सबब चालणार नाही.

१९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह असतो. यंदा त्यात एक ड्रिल मेडेची ठेवा: मास्कची काच कागदाने झाका, हातमोजे घाला आणि प्रत्येकाला तोंडाने मेडे म्हणायला लावा. कळवलंत तर आमचा माणूस येईल, पैसे घेणार नाही. त्या दिवशी सगळे सेट, बॅटऱ्या आणि चार्जर एकत्र काढून ठेवा, तो तपासूनही देईल.