डिझेल गाडीचं ऑइल: डब्यावरचा मोठा आकडा आणि त्याखालची बारीक ओळ

(आमच्याकडे सर्व्हिसिंगला येणाऱ्या डिझेल कार, एसयूव्ही आणि छोट्या पिकअपच्या मालकांसाठी)

"फाइव्ह थर्टी घालू की फिफ्टीन फॉर्टी?" ऑइल बदलताना हा प्रश्न हमखास निघतो. त्याचं खरं उत्तर डब्यावरच्या मोठ्या आकड्यात अर्धंच मिळतं. उरलेलं अर्धं डब्याच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असतं. ती ओळ न वाचता घातलेलं महागडं ऑइलसुद्धा चुकीचं ठरू शकतं. म्हणून हे पत्रक गाडीच्या कागदपत्रांसोबतच ठेवा.

आधी तुमची गाडी कोणत्या गटातली, ते बघा

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस६ (भारत स्टेज ६, गाड्यांच्या धुराचे नियम) लागू झालं. त्यानंतरच्या डिझेल कारमध्ये सायलेन्सरच्या मार्गावर डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो. आरसी बुकवर 'भारत स्टेज ६' लिहिलेलं असेल तर तुमच्या कारमध्ये तो आहे असंच धरून चाला. त्याआधीच्या बीएस४ गाड्यांपैकी बहुतेकांत तो नाही, पण काही महागड्या गाड्यांत होता. तिथे हँडबुक बघूनच ठरवावं लागतं.

हा एक फिल्टर आल्यामुळे ऑइलची निवड पार बदलली. जुन्या डिझेलला चालणारं ऑइल नव्या डिझेलला चालेल, हा हिशेब आता बसत नाही.

आकडा काय सांगतो

५डब्ल्यू-३० मधला 'डब्ल्यू' थंडीचा. ५डब्ल्यू ऑइलची स्टार्टिंगच्या वेळची चाचणी उणे ३० अंशांना होते, १०डब्ल्यूची उणे २५ ला आणि १५डब्ल्यूची उणे २० ला. आपल्याकडे निफाडला पारा कितीही उतरला तरी १५डब्ल्यू ऑइल गोठत नाही. त्यामुळे महाराष्ट्रात हा पहिला आकडा 'गाडी सुरू होईल की नाही' एवढ्यासाठी महत्त्वाचा नाही. हिवाळ्यात गाडी घेऊन लेह-मनालीकडे जाणाऱ्यांनी मात्र त्याकडे नीट लक्ष द्यावं.

तरीही पातळ ऑइलचा फायदा इथेही होतो. ४० अंशांना १५डब्ल्यू-४० ऑइलचा दाटपणा साधारण १०५ ते ११५ सेंटीस्टोक (दाटपणा मोजायचं एकक, आकडा जितका मोठा तितकं ऑइल दाट) असतो, ५डब्ल्यू-३० चा ७० च्या आसपास. सकाळी किल्ली फिरवल्यावर ऑइल टर्बोच्या बेअरिंगपर्यंत आणि टायमिंग चेनच्या टेन्शनरपर्यंत जितकं लवकर पोचेल तितकं चांगलं. छोट्या डिझेलचा टर्बो पूर्ण जोरात असताना मिनिटाला दीड लाखाहून जास्त फेरे मारतो, आणि त्याचा शाफ्ट तरंगतो तो ऑइलच्या पातळ थरावर. म्हणून सुरू केल्यावर पहिलं अर्धं-एक मिनिट रेस करू नका, ऑइल कोणतंही असो.

दुसरा आकडा इंजिन गरम झाल्यावरचा. १०० अंशांना ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटीस्टोकच्या पट्ट्यात असावं लागतं, ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३ च्या. पट्टा केवढा रुंद आहे बघा! ९.५ वालंही ३० आणि १२.२ वालंही ३०. दोन डब्यांवर एकच '५डब्ल्यू-३०' छापलेलं असतं, आणि आतला माल वेगळा असतो तो इथे.

बारीक ओळ काय सांगते

मागच्या बाजूला 'एसीईए सी२', 'एसीईए सी३', 'एपीआय सीके-४' असं काहीतरी लिहिलेलं असतं. एसीईए ही युरोपातली आणि एपीआय ही अमेरिकेतली संस्था, ऑइलचे वर्ग त्या ठरवतात. त्यातून दोन गोष्टी कळतात.

पहिली: भाराखाली ऑइलचा थर किती टिकतो. क्रँकच्या बेअरिंगमध्ये ऑइल १५० अंशांच्या आसपास तापतं आणि दोन धातूंच्या मध्ये प्रचंड वेगानं घासलं जातं. त्या अवस्थेतल्या दाटपणाला एचटीएचएस म्हणतात. सी३ ऑइलमध्ये तो किमान ३.५ (मिलिपास्कल-सेकंद या एककात) असावा लागतो, सी२ मध्ये किमान २.९, आणि सी५ मध्ये २.६ ते २.९. पेट्रोल गाड्यांसाठी विकलं जाणारं ५डब्ल्यू-३० बहुधा ३.० च्या आसपास असतं. म्हणजे सी३ मागणाऱ्या डिझेल इंजिनात पेट्रोलचं ५डब्ल्यू-३० घातलं, तर आकडा जुळला पण बेअरिंगमधला थर पातळ झाला. घाटात गाडी भरून चढवताना हा फरक बेअरिंगला सोसावा लागतो.

दुसरी: राख. ऑइलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक असलेली रसायनं मिसळलेली असतात आणि इंजिनला ती हवीच असतात. पण ऑइलचा जो थोडा अंश जळतो, त्यातले हे धातू राख होऊन डीपीएफमध्ये जाऊन बसतात. काजळी ६०० अंशांच्या आसपास जळून जाते, राख जळत नाही. ती कायमची जागा अडवते.

सी२ आणि सी३ ऑइलमध्ये राखेचं प्रमाण ०.८ टक्क्यापर्यंतच चालतं. ए३/बी४ (एसीईएचाच दुसरा वर्ग) ऑइल दाटपणाला उत्तम, पण त्यात राख १.० ते १.६ टक्के. सीआय-४ (एपीआयचा जुना डिझेल वर्ग) ऑइलला तर राखेची मर्यादाच घातलेली नाही. हिशेब मांडून बघा. गाडी १० हजार किलोमीटरला १ लिटर ऑइल खात असेल, तर लाख किलोमीटरला १० लिटर, म्हणजे साधारण साडेआठ किलो ऑइल जळलं. ०.८ टक्क्यानं त्याची ६८ ग्रॅम राख होते आणि १.५ टक्क्यानं १२८ ग्रॅम. फिल्टर जवळजवळ निम्म्या किलोमीटरमध्ये भरला. डबा काही शे रुपयांनी स्वस्त पडला, पण डीपीएफच्या किमतीपुढे ती बचत काहीच नाही.

मग घालायचं काय?

बीएस६ डिझेल कार: हँडबुकमध्ये जे लिहिलंय तेच, ग्रेड आणि एसीईए वर्ग दोन्ही. बहुतेक ठिकाणी ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-३० आणि सी२ किंवा सी३ आढळेल. सी३ मागणाऱ्या इंजिनात सी२ घालू नका. उलट, सी२ लिहिलेल्या इंजिनात सी३ गेलं तर नुकसान व्हायची भीती कमी, अ‍ॅव्हरेज किंचित घटेल. तरी वॉरंटी चालू असेल तर पुस्तकाबाहेर जायचं नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. काही कंपन्या एसीईएच्या जोडीला स्वतःचा मंजुरी क्रमांक मागतात, जसं फोक्सवॅगन ५०७ ००, मर्सिडीज २२९.५२, रेनॉ आरएन०७२०. तो क्रमांक डब्यावर शब्दशः छापलेला हवा.

डीपीएफ नसलेली कॉमन रेल डिझेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल मिळणारं इंजिन): पुस्तकात १५डब्ल्यू-४० सीआय-४ असेल तर तेच बिनधास्त घाला. हे ऑइल जुनं म्हणून वाईट ठरत नाही. चांगल्या प्रतीचं असेल आणि वेळेवर बदललं तर या इंजिनांना ते उत्तम मानवतं. पुस्तकात पर्याय म्हणून ५डब्ल्यू-४० दिलेलं असेल आणि खिशाला परवडत असेल तर आम्ही ते सुचवतो. गरम झाल्यावर ते १५डब्ल्यू-४० एवढंच दाट राहतं आणि सकाळी लवकर वर चढतं.

पुस्तकात दोन ग्रेड दिले असतील तर: माल वाहणारी पिकअप, ट्रेलर, रोजचा घाट, सतत भरलेली गाडी असेल तर त्यातला दाट निवडा. दोन माणसं घेऊन हायवेवर चालणाऱ्या गाडीला पातळ पुरतो.

०डब्ल्यू-२०: ज्या इंजिनच्या पुस्तकात ते लिहिलंय त्यालाच. अ‍ॅव्हरेज वाढवायला दुसऱ्या कुठल्याही डिझेलमध्ये नको.

"आपल्याकडे ऊन फार, जाड ऑइल बरं"

हा समज फार खोलवर रुजलेला आहे. चंद्रपूरला बाहेर ४५ अंश असलं तरी थर्मोस्टॅट आणि रेडिएटर इंजिनचं तापमान ठरावीक पट्ट्यातच राखतात. ऑइल १०० ते ११० च्या आसपास राहतं, चढावर त्याहून वर जातं. बाहेरच्या दहा-पंधरा अंशांच्या फरकासाठी ग्रेड बदलायची गरज नसते. ऑइल खरोखर जास्त तापत असेल तर कारण दुसरीकडे शोधा: चिखलानं बुजलेला रेडिएटर, कमी कूलंट, अडकलेला पंखा.

धूर काढणाऱ्या जुन्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतण्याची सवयही अशीच. झिजलेली रिंग किंवा कडक झालेलं व्हॉल्व सील त्यानं भरून येत नाही. धूर थोडे दिवस कमी दिसतो, आणि तेवढ्यात टर्बोला सकाळचं ऑइल उशिरा मिळत राहतं.

ऑइल कमी होण्याऐवजी वाढत असेल तर

बीएस६ गाडीतली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि सर्वांत दुर्लक्षित.

डीपीएफमधली काजळी जाळण्यासाठी इंजिन मधूनमधून जास्तीचं डिझेल उशिरा फवारतं. याला रीजनरेशन म्हणतात. त्यातलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्यात उतरतं. लांबच्या प्रवासात ऑइल चांगलं तापलं की त्यातलं काही उडून जातं. पण रोज चार-पाच किलोमीटर, सिग्नल, पुन्हा चार किलोमीटर असं चालवलं तर रीजनरेशन अर्धवट तुटतं, पुन्हा सुरू होतं, आणि डिझेल साचत जातं.

१०० अंशांना १२ सेंटीस्टोक असलेल्या ऑइलमध्ये ५ टक्के डिझेल मिसळलं की दाटपणा अंदाजे १० वर येतो. १० टक्के मिसळलं की साडेआठच्या आसपास, म्हणजे ३० ग्रेडचं ऑइल २० ग्रेड होऊन बसलं. निवडलेल्या ग्रेडला मग काही अर्थ उरत नाही.

म्हणून दर पंधरा दिवसांनी ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी (डिपस्टिक) बघा. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. पट्टी काढून कोऱ्या फडक्यानं पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि आडवी धरून दोन्ही बाजूंनी बघा. एका बाजूला ऑइल ओघळून वर चढलेलं दिसतं, म्हणून जी बाजू कमी दाखवते ती खरी माना. खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक गाड्यांत साधारण १ लिटरचं अंतर असतं. ५ लिटर ऑइलच्या इंजिनात वरच्या खुणेच्या वर आणखी अर्ध्या अंतराएवढं ऑइल चढलं असेल, तर त्यात किमान अर्धा लिटर डिझेल आलं असं समजा. थेंब दोन बोटांत चोळा, नाकाजवळ न्या. डिझेलचा उग्र वास आला आणि बोटं सरसर घसरली तर गाडी न ताणता घेऊन या. पातळी फारच वाढली तर ऑइलचा फवारा इनटेकमध्ये ओढला जाऊन इंजिन किल्ली बंद केली तरी आपोआप धावत राहू शकतं, आणि त्या अवस्थेत ते काही सेकंदांत खलास होतं.

काळा रंग मात्र खुणेचा नाही. डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच किलोमीटरमध्ये काळं होतं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

रीजनरेशन ओळखायचं असं: उभ्या गाडीचा आयडल थोडा वाढतो, बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहतो, तात्कालिक अ‍ॅव्हरेज एकदम पडतं, खालून तापलेल्या लोखंडासारखा वास येतो. अशा वेळी जमल्यास गाडी बंद करू नका. मोकळ्या रस्त्यावर १५-२० मिनिटं, ६० च्या वर, एक गिअर खाली ठेवून २००० आरपीएमच्या आसपास चालवा. शहरातच फिरणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा असा फेरफटका ठरवूनच मारावा.

आम्ही ऑइल कसं बदलतो

इंजिन कोमट करून ड्रेन नट काढतो आणि ऑइल किमान १५ मिनिटं निथळू देतो. नटचा वायसर दरवेळी नवा, कारण तो एकदाच दाबला जाण्यासाठी बनलेला असतो. जुनाच वापरला की नट जास्त आवळावा लागतो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. फिल्टर कागदी काडतुसाचा असेल तर झाकणाची रबरी रिंगही बदलतो आणि झाकण त्यावर लिहिलेल्या टॉर्कनंच बसवतो. बहुधा तो २५ न्यूटन-मीटर असतो.

पुस्तकातल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ऑइल घालून इंजिन सुरू करतो, प्रेशरचा दिवा विझेपर्यंत रेस नाही. बंद करून दहा मिनिटांनी पट्टी बघून पातळी पूर्ण करतो. डीपीएफच्या गाडीत आम्ही ती वरच्या खुणेला न टेकवता पाऊण ठेवतो, वाढीला जागा राहावी म्हणून. 'कमी भरलंय' असं वाटून वरून ओतू नका. शेवटी स्कॅनरवर ऑइल बदलल्याची नोंद करतो. ती राहिली तर ताजं ऑइल असूनही 'ऑइल बदला'चा दिवा लागू शकतो, कारण किती डिझेल मिसळलं याचा संगणकातला हिशेब जुन्याच ऑइलचा चालू राहतो.

इंजिन फ्लश आम्ही सुचवत नाही. त्याचा काही अंश आतच राहतो आणि नवं ऑइल पातळ करतो.

बदलण्याची मुदत पुस्तकात १० हजार किलोमीटर किंवा १ वर्ष असेल, तर फक्त शहरात चालणाऱ्या बीएस६ गाडीला ५ ते ७ हजारांतच बदला. किलोमीटर कमी झाले तरी वर्ष ओलांडू नका.

रस्त्यात ऑइल कमी पडलं आणि तुमचं मिळत नसेल तर कुठलंही चांगलं डिझेल इंजिन ऑइल अर्धा लिटर घाला आणि घरी या. एकदा गेलेल्या अर्ध्या लिटरच्या राखेनं डीपीएफ बुजत नाही, पण कमी ऑइलवर चालवलेलं इंजिन जाम होऊ शकतं. नंतर आम्हाला काय घातलं ते सांगा.

येताना हँडबुकमधल्या ऑइलच्या पानाचा फोटो, आरसी आणि मागच्या सर्व्हिसचं बिल आणा. डब्याचं सील तुमच्यासमोर तोडून घ्या. रिकामा डबा आम्ही भोक पाडून ठेवतो, म्हणजे त्यात कुणी भेसळीचं ऑइल भरून विकू शकत नाही. घरी ऑइल बदलत असाल तर जुनं ऑइल गटारात किंवा बांधावर ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून आमच्याकडे आणून द्या, आमच्या साठ्यासोबत ते परवानाधारक प्रक्रिया करणाऱ्यांकडे जाईल.