ट्रस्ट फोडणारे राष्ट्राध्यक्ष : नाव एकाचं, खटले दुसऱ्याचे

आपल्याकडे ट्रस्ट म्हटलं की देवस्थान नाहीतर शिक्षणसंस्था आठवते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत मात्र हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. एकाच धंद्यातल्या कंपन्यांचे शेअर मोजक्या विश्वस्तांच्या हाती द्यायचे आणि मालाचे भाव एका टेबलावर ठरवायचे, अशी ती तजवीज होती.

तिच्याविरुद्धचा शर्मन कायदा १८९० मध्येच झाला होता. पण १८९५ मध्ये साखरेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हा कायदा व्यापारापुरता आहे आणि साखर तयार करणं म्हणजे व्यापार नव्हे, असं ठरवलं आणि देशातली जवळजवळ सगळी साखर शुद्ध करणारी कंपनी सुटली. त्याआधी वर्षभर, पुलमनच्या रेल्वे संपात, हाच कायदा कामगारांवर मात्र उगारला गेला होता.

सप्टेंबर १९०१ मध्ये मॅकिन्ली यांची हत्या झाली आणि ४२ वर्षांचे थिओडोर रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले. पाच महिन्यांतच त्यांनी नॉर्दर्न सिक्युरिटीज या रेल्वे कंपनीवर खटला भरायला लावला. तिच्यामागचे बँकर जे. पी. मॉर्गन थेट व्हाइट हाउसमध्ये आले. आमचं काही चुकलं असेल तर तुमचा माणूस माझ्या माणसाकडे पाठवा, दोघं मिळून मिटवतील, असा त्यांचा सूर होता. सरकार म्हणजे दुसरी एक पेढी, हीच त्यांची समजूत! १९०४ मध्ये कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी कंपनी मोडीत काढली.

मला त्याहून मजेशीर वाटतो तो १९०२ चा पेनसिल्व्हेनियातला कोळशाचा संप. सुमारे दीड लाख खाणकामगार मे महिन्यापासून घरी बसलेले आणि थंडी तोंडावर आलेली. लवाद नेमायला खाणमालक कसेबसे राजी झाले, पण त्यात कामगार पुढारी चालणार नाही, हा त्यांचा हट्ट. एक जागा ‘नामवंत समाजशास्त्रज्ञा’साठी ठेवलेली होती. रूझवेल्टनी तिथे रेल्वे कंडक्टरांच्या संघटनेचा प्रमुख बसवला. मालकांनी हूं की चूं केलं नाही. कामगारांना दहा टक्के वाढ मिळाली. संघटनेला मान्यता मात्र मिळाली नाही.

ट्रस्ट फोडणारा म्हणून नाव झालं ते रूझवेल्ट यांचंच. प्रत्यक्षात त्यांच्यामागून आलेल्या टाफ्ट यांनी चार वर्षांत त्यांच्या दुपटीच्या आसपास खटले भरले. स्टँडर्ड ऑइल या तेलकंपनीचे ३४ तुकडे करण्याचा निकालही १९११ चा, टाफ्ट यांच्याच काळातला. त्याच वर्षी यू. एस. स्टील या पोलाद कंपनीवरच्या खटल्यात, तिने प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेण्याचा, रूझवेल्टनी १९०७ मध्ये मूक संमती दिलेला व्यवहार उकरला गेला आणि जुनी मैत्री पार आंबली. १९१२ मध्ये दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले, निवडून आले वुड्रो विल्सन.

विल्सन यांच्या काळात फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँक (१९१३), मक्तेदारीविरुद्धचा क्लेटन कायदा आणि धंद्यांवर नजर ठेवणारं फेडरल ट्रेड कमिशन (१९१४) हे सगळं भराभर झालं. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पोचले ते याच धामधुमीत. त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन हे आयकराचे मोठे पुरस्कर्ते, आणि आयकराची घटनादुरुस्ती त्याच फेब्रुवारीत मंजूर झालेली. पण याच विल्सन यांच्या सरकारने केंद्रीय कचेऱ्यांत गोऱ्या-काळ्यांची बसायची जागा वेगळी केली. सुधारणेची ही मर्यादा तेव्हाच्या फारच थोड्या गोऱ्या सुधारकांना खुपली.

१९१६ चा बालमजुरीविरोधी कायदा तर जेमतेम नऊ महिने अमलात होता. नॉर्थ कॅरोलिनातल्या एका बापाने, गिरणीत राबणाऱ्या आपल्या दोन मुलांचं काम जाऊ नये म्हणून, कोर्टात धाव घेतली आणि १९१८ मध्ये तो जिंकला. देशभर लागू होणारी बंदी टिकली ती १९३८ च्या कायद्याने, दुसऱ्या रूझवेल्टच्या, म्हणजे फ्रँकलिन यांच्या, कारकिर्दीत.